वरच्या पायरीवरचा हात

हिवाळाभर हा वाद्यवृंद शहरातल्या बंदिस्त सभागृहात वाजवतो. उन्हाळा लागला की व्हायोलिनपासून नगाऱ्यांपर्यंत सगळं सामान ट्रकमधून टेकडीवर जातं. टेकडीच्या पोटात दगडी पायऱ्यांचं खुलं रंगमंदिर कोरलेलं आहे. सरकारी कागदांवर त्याला लांबलचक नाव आहे. लोक त्याला वाडगा म्हणतात. वाडग्याच्या तळाशी मंच आहे आणि मंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, एक गोल फरशी. तिला बेंबी म्हणतात.

वाडग्याची एक खोड आहे. पायऱ्या रिकाम्या असल्या की दगड आवाज परत फेकतो. एक सूर वाजवावा तर दोन ऐकू येतात, आणि सगळा वाद्यवृंद एकदम वाजू लागला की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं होतं. माणसं बसली की दगड झाकला जातो, माणसं आवाज पितात आणि सूर एकेरी होतो. पण तालमीला माणसं आणायची कुठून? म्हणून उद्घाटनाच्या आदल्या सकाळी वादकांचे घरचे येऊन बसतात. आया, सासरे, मेव्हणे, वहिन्या. ज्यांना सुट्टी आहे ते येतात आणि ज्यांना नाही तेही काहीतरी सांगून येतात. या दिवसाला दगडांचा दिवस म्हणतात आणि बसणाऱ्यांना दगड. "तुझ्या घरचे किती दगड येतायत?" असं विचारलं तर इथं कोणी हमरीतुमरीवर येत नाही.

दगडांना शिस्त कडक. हलायचं नाही, बोलायचं नाही. खोकला आलाच तर उशीत तोंड खुपसायचं. उशी आणि जाड रजई प्रत्येकाने घरून आणायची. आणि टाळी तर मुळीच वाजवायची नाही. संचालिका मॅडम म्हणत, टाळी मिळाली की तालीम संपली असं वादकांना वाटू लागतं.

दगडांत सगळ्यांत नावाजलेले म्हणजे बेकरीवाले काका. देहाने दार अडवतील असे आणि बोलायला दारासारखेच. अगदी वरच्या पायरीवर, एकुलत्या एका झाडाखाली त्यांची जागा ठरलेली. "काका एकटे तीन माणसांचा आवाज पितात," असं मॅडम म्हणत, आणि त्यांच्या तोंडून कौतुक म्हणून निघालेलं हे बहुधा एकमेव वाक्य असावं.

काकांची बायको वाद्यवृंदात टिंपनी वाजवते. तांब्याचे ते मोठे नगारे तिच्या लग्नाआधीपासून तिच्या ताब्यात आहेत. मुलगी ट्रॉम्बोन वाजवते. नळी पुढेमागे सरकवायची ते लांब पितळी वाद्य. काका मात्र पहाटेच्याही आधी उठून भट्टी पेटवतात आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला आडवे होतात. कार्यक्रम असतात तेव्हा ते झोपलेले असतात. त्यामुळे वर्षभरात त्यांना बायकोमुलीचं वाजवणं ऐकायला मिळतं ते याच एका सकाळी, आणि या सकाळी टाळीला बंदी. म्हणजे संसाराला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याने बायकोसाठी टाळी म्हणून वाजवलेली नाही. याबद्दल कधी कोणी बोललं नाही. काका तर कशाबद्दलच बोलत नसत.

यंदा अडचण होती ती व्हायोलावाल्याची.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण: जरा मोठी, जरा जाड आवाजाची, आणि लग्नकार्यात थोरल्या बहिणीसारखीच मागे राबणारी. वाद्यवृंदातले निम्मे विनोद व्हायोलावाल्यांवर असतात. हा मुलगा हिवाळ्यात नोकरीला लागला, ट्रॉम्बोनवालीच्या पुढच्या रांगेत बसला, आणि वसंत संपेपर्यंत दोघांचं ठरलं. ठरलं दोघांचंच. पुढचं घोडं बेकरीच्या दारात अडलं.

"बाबांना तू सांगायचंस," तिने स्पष्ट केलं होतं.

"तू सांगितलंस तर लवकर होईल."

"लवकर होईल, पण मग जन्मभर मीच सांगत राहीन. परवानगी नकोय मला त्यांची. पण जो माणूस माझ्या बाबांसमोर एक वाक्य पुरं करू शकत नाही, तो माझ्यासमोर काय करणार आहे? उद्घाटनाच्या आधी सांग. नाहीतर हा सीझन आपण नुसते सहकारी."

तिला 'नुसते सहकारी' हे शब्द इतक्या शांतपणे म्हणता आले की त्याची झोप उडाली.

भीतीला कारण होतं. मुलीसाठी कोणीतरी एक सतारवाला सुचवला होता, तेव्हा काका एवढंच म्हणाले होते, "घरात दोन वाजवणारे आहेत, ते पुरेत." वाक्य छोटं होतं, पण काकांच्या मानाने ते भाषणच.

तो तीनदा बेकरीत जाऊन आला. पहिल्यांदा "काका, मला जरा" इथपर्यंत पोहोचला, तेवढ्यात काकांनी त्याला मैद्याचं पोतं दाखवलं. त्याने ते आत नेऊन ठेवलं. काकांनी दुसरं दाखवलं. मग पाव बांधून दिले. दुसऱ्यांदा तो संध्याकाळी गेला. मायलेकी वाडग्याकडे सामान लावायला गेल्या होत्या. काका आतल्या खोलीत एकटे जेवत होते, भिंतीकडे तोंड करून, रेडिओसुद्धा न लावता. तो दारातच उभा राहिला. काकांनी त्यालाही ताट वाढायला घेतलं, तर तो संकोचून "जेवून आलोय" म्हणाला, आणि पाव घेऊन परत आला. तिसऱ्यांदा पोतीच पोती होती.

व्हायोलाच्या रांगेची नाश्त्याची सोय झाली. तो पिशवी घेऊन आला की शेजारचा विचारी, "आज पण पाव? म्हणजे आज पण नाही."

दगडांच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी टेकडीवर पोहोचला. ट्रकवाले खुर्च्या लावून कॅन्टीनकडे गेले होते. वाडगा रिकामा होता. वर झाडाखाली कोणाची तरी पांढरी रजई पसरलेली दिसत होती, एवढंच. त्याने व्हायोलाची पेटी खाली ठेवली, बेंबीवर जाऊन उभा राहिला आणि हळू आवाजात घोकायला लागला.

"काका, मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. नको. 'बोलायचं आहे' म्हटलं की ते पोतं दाखवतात. सरळ सांगायचं. काका, मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे."

हे बरं वाटलं. मग त्याने हनुवटी छातीला टेकवली, पोट पुढे काढलं आणि काकांचा आवाज काढला. "घरात दोन वाजवणारे आहेत, ते पुरेत."

"पुरेत कसे, काका?" तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. "दोघीही संध्याकाळी निघून जातात आणि तुम्ही भिंतीशी जेवता. मी कार्यक्रमाआधी येत जाईन. व्हायोलावाल्यांना आधी सराव लागत नाही, निदान सगळ्यांचा समज तसा आहे. आपण जेवू आणि मग मी पळेन."

हे तर फारच चांगलं जमलं. इतकं चांगलं, की तीन खेपांचा साचलेला धीर एकदम वर आला. तो दात ओठ खाऊन पुटपुटला, "आणि खडूस म्हाताऱ्या, एकदा तरी मैद्याचं पोतं बाजूला ठेवून माझ्याकडे बघ!"

त्याला इतकं मोकळं वाटलं की त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं.

ट्रॉम्बोनची पेटी खांद्याला लावून ती बाजूच्या दारातून आत आली आणि जागीच थबकली.

"बेंबीवर काय करतोयस?"

"काही नाही. पाठांतर."

"मोठ्याने?"

"छे, तोंडातल्या तोंडात."

"तुला कोणी सांगितलं नाही? पायऱ्या रिकाम्या असल्या की बेंबीवर केलेली कुजबुज थेट वरच्या पायरीवर जाते. इथं बेंबीच्या देठापासून ओरडावं लागत नाही. लहानपणी आम्ही वर लपून मोठ्यांची भांडणं ऐकायचो."

"वर कोणी नाहीये."

"झाडाखाली पांढरं काय दिसतंय?"

"रजई आहे."

"रजईत बाबा आहेत," ती म्हणाली. "भट्टी आटपून थेट इथं येतात आणि तालमीआधी एक डुलकी काढतात. काय काय बोललास?"

त्याने सांगितलं. शेवटचं वाक्य त्याने गाळायचा प्रयत्न केला, पण चेहऱ्याने दगा दिला.

"खडूस?"

"म्हाताऱ्या पण."

ती ट्रॉम्बोनच्या पेटीवरच बसली. आधी तिने तोंडावर हात धरला, मग डोळ्यांवर. खांदे गदगदत होते.

"हसू काय येतंय तुला? झोपले असतील ना ते? घोरतात का?"

"बाबा घोरत नाहीत रे," ती डोळे पुसत म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

तोवर दगड यायला लागले होते. पायऱ्यांवर रजया उलगडल्या गेल्या, उशांना थोपटलं गेलं. बासरीवाल्याच्या सासूबाई नेहमीप्रमाणे काकांच्या खालच्या पायरीवर बसल्या. सासूबाई गप्प बसलेल्या बघायला मिळतात म्हणून बासरीवाला दगडांच्या दिवसाची वर्षभर वाट बघतो, असं तो सगळ्यांना सांगत असे, सासूबाईंनाही. टिंपनीवाल्या काकू वर जाऊन नवऱ्याला पाण्याची बाटली देऊन आल्या. येताना त्यांनी व्हायोलाच्या रांगेकडे एक नजर टाकली. ती नजर नेहमीची होती की वेगळी, हे त्याला ठरवता येईना.

वर काका उठून बसले होते. हात मांडीवर, मान सरळ, नजर समोर. त्यांनी ऐकलं असतं तरी ते असेच बसले असते, आणि ऐकलं नसतं तरी असेच.

मॅडमनी काठी उचलली. तालीम सुरू झाली आणि सूर एकेरी निघाला. काकांनी आपल्या वाटणीचा आवाज प्यायला. व्हायोलावाल्याला मात्र पहिल्या भागात दोनदा टोकण्यात आलं, दुसऱ्या भागात एकदा.

"व्हायोला, तुम्हाला कुठं जायची घाई आहे का?" मॅडमनी विचारलं.

"आहे, पण धीर होत नाहीये," शेजारचा हळूच पुटपुटला. पूर्ण रांगेने माना खाली घातल्या.

शेवटच्या भागात टिंपनीचा एक लांब गडगडाट आहे. कुठून सुरू झाला ते कळत नाही. आधी पायाखाली जाणवतो, मग छातीत, आणि मग सगळ्या वाद्यांना उचलून घेतो. काकूंनी तो असा वाजवला की वाजवणाऱ्यांतल्याही काहींच्या अंगावर काटा आला. शेवटचा सूर हवेत विरला. पायऱ्या गच्च भरलेल्या, आणि एक टाळी नाही. नव्या माणसाच्या अंगावर ती शांतता येते. जुन्यांना सवय असते.

मग राहिली आवाजाची चाचणी.

वाडग्यात माईक लावायचा नाही, हा जुना हट्ट आहे. उद्या एक गायिका बेंबीवर उभी राहून गाणार होती. पायऱ्या भरल्या की कुजबुज वर जात नाही, बोलणं मात्र गेलं पाहिजे. म्हणून तालमीच्या शेवटी सगळ्यांत नवा वादक बेंबीवर उभा राहतो आणि रोजच्या आवाजात एक वाक्य बोलतो. वरच्या पायरीवर ऐकू आलं की काका हात वर करतात. दगडाला परवानगी असलेली ही एकमेव हालचाल. हात वर गेला नाही तर खुर्च्या सरकवून शेवटचा भाग पुन्हा वाजवायचा, आणि तो ऐकायला दगडांनी पुन्हा उन्हात बसायचं.

वाक्यही ठरलेलं असतं. तो बेंबीवर उभा राहिला.

"आज हवा छान आहे."

काकांचा हात मांडीवरच राहिला.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या. "ओरडू नका. नेहमीच्या आवाजात."

"आज हवा छान आहे."

हात नाही. काकांच्या खालच्या पायरीवर बासरीवाल्याच्या सासूबाईंचे गाल फुगले होते. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं आणि ते सांगायची मुभा नव्हती. पलीकडे कोणाच्या तरी मेव्हण्याने मदत म्हणून हात उचलला, तो बायकोने खाली ओढला.

"मग खुर्च्या मागे घ्याव्या लागतील," मॅडमनी जाहीर केलं. वाद्यवृंदातून एक सामूहिक उसासा निघाला.

"मॅडम, एक मिनिट." मागून टिंपनीवाल्या काकूंनी काठी वर केली, आणि ती काठी व्हायोलावाल्याकडे रोखली. "अरे, हवेचं काय सांगतोस त्यांना? हवा त्यांच्याकडे वर आहेच."

त्याने काकूंकडे पाहिलं. मग ट्रॉम्बोनवालीकडे पाहिलं. ती अजिबात हसत नव्हती. तिने वाद्य मांडीवर आडवं घट्ट धरलं होतं. मग त्याने वर झाडाखाली पाहिलं. तिथं अख्खा वाडगाभर लांब असलेला माणूस त्याच्याकडेच बघत होता, आणि त्या माणसाजवळ या क्षणी एकही पोतं नव्हतं.

"काका," तो रोजच्या आवाजात म्हणाला, "मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे."

वाक्य पुरं झालं. ते पुरं झाल्याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, म्हणून त्याने पुढचंही बोलून टाकलं.

"आमचं ठरलंय. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं. घरात तिसरा वाजवणारा येईल, हे कबूल. पण संध्याकाळी तुम्ही एकटे जेवणार नाही. मी कार्यक्रमाआधी येईन, आपण जेवू, आणि मग मी पळेन. त्या दिवशी मी जेवून आलो नव्हतो, काका. खोटं बोललो."

पायऱ्यांवर एक उशी हलली नाही.

काकांचा हात वर गेला.

सगळे दगड श्वास सोडणार तेवढ्यात, वाडग्याच्या इतिहासात कोणी ऐकली नव्हती अशी गोष्ट झाली. वरचा दगड बोलला.

"ऐकू आलं," काका म्हणाले. "सकाळचं जास्त स्पष्ट होतं."

व्हायोलावाल्याचे कान लाल झालेले तळापासून वरपर्यंत सगळ्यांना दिसले.

"त्यातलं एक वाक्य गाळलंस."

"काका, ते पाठांतरातलं नव्हतं."

"खडूस चालेल," काका थोडा विचार करून म्हणाले. "म्हातारा परत म्हणायचं नाही."

आधी बासरीवाल्याच्या सासूबाई फुटल्या. त्यांनी उशीत तोंड खुपसलं, पण उशी पुरली नाही. मग पायरीमागून पायरी हसत गेली. मॅडमनी काठीने स्टँडवर टकटक केलं. "दगडांनी बोलायचं नाही!" त्या ओरडल्या, पण त्यांचाच आवाज मध्ये फुटला.

"मॅडम, एवढ्या वर्षांत मी बोललो का कधी?"

"नाही."

"मग आज एकदा. तो म्हणाला ना, सांगायचं राहिलं होतं. माझंही राहिलंय." काका सावकाश उठून उभे राहिले. रजई पायाशी घसरली. "अगं," त्यांनी खाली हाक मारली, "ते शेवटचं, गडगडतं ते. दरवर्षी चांगलं वाजवतेस."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. कणीक तिंबणारे ते हात. एकेक टाळी फळी आपटल्यासारखी खाली आली. दोन-तीन टाळ्या ते एकटेच वाजवत होते. मग सासूबाई सामील झाल्या, मग तो मेव्हणा, मग त्याला आवरणारी बायको, आणि मग कोण आधी नि कोण नंतर हे कळायला मार्ग उरला नाही. टिंपनीवाल्या काकूंच्या हातून काठी पडली आणि घरंगळत डबल बास वाजवणाऱ्यांच्या खुर्च्यांखाली गेली. त्यांच्या हातून काठी पडलेली आजवर कोणी पाहिली नव्हती. ती शोधायला त्या वाकल्या आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या. ट्रॉम्बोनवालीने वाद्य उचललं आणि एक असा लांब, घसरता, बेशिस्त सूर काढला की एरवी तालमीत तो काढायची तिची हिंमत झाली नसती.

मॅडम थांबल्या. टाळ्या संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "सगळे हलले आहेत. चाचणी बाद. शेवटचा भाग पुन्हा घ्यायचा." कोणी उसासा सोडला नाही. त्यांनी वर पाहून पुढे जोडलं, "काका, बसा. तुम्ही उभे असलात की आवाज वेगळा येतो."

काका बसले. गडगडाट पुन्हा पायाखाली सुरू झाला, आणि या वेळी व्हायोलाला कुठंही घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. पायऱ्या तिकीट काढलेल्या माणसांनी भरल्या, झाडाखाली एक अनोळखी जोडपं बसलं. वाद्यं जुळवून होत आली तरी व्हायोलाच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. मॅडम मंचावर यायच्या अगदी आधी तो बाजूच्या दारातून धावत आत आला. एका हातात व्हायोला, दुसऱ्या हातात पिशवी, काळ्या कोटाच्या बाहीवर पांढरं पीठ.

"आज पण पाव?" शेजारच्याने विचारलं. "आता कशाला?"

"जेवण जास्त झालं. त्यांनी उरलेलं बांधून दिलं."

मागच्या रांगेतून ट्रॉम्बोनवाली पुढे वाकली. "काय बोललात रे दोघं?"

"काही नाही. जेवलो. भिंतीकडची खुर्ची त्यांनी फिरवून घेतली होती."

"आणि पोती?"

"दोन," तो व्हायोलाच्या गजाला राळ लावत म्हणाला. "पण जेवण झाल्यावर."

टिंपनीमागे बसलेल्या काकूंनी तेवढ्यात एका हातावर दुसऱ्या हाताने हळूच टाळी वाजवली, आणि मॅडम मंचावर आल्या तेव्हा काकूंच्या दोन्ही काठ्या जागेवर तयार होत्या.